डोक्यावरचं परमनंट

आमच्या घरात इंग्रजी शब्द मोजकेच होते, पण त्यातला एक देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा जपलेला होता : परमनंट. बाबांनी खालापूरकडच्या एका कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं काढली आणि शेवटपर्यंत ते टेंपररीच राहिले. वर्ष भरत आलं की त्यांना ‘ब्रेक’ मिळायचा. थोडे दिवस घरी बसायचं, मग नवा माणूस म्हणून पुन्हा आत जायचं. कागदावर ते कधी जुने झालेच नाहीत. मी लहानपणी विचारलं की आई म्हणायची, “सुट्टी हाय त्यांना.” मला आनंद व्हायचा. बाबा घरी असायचे.

मी घरातली पहिली पदवीधर. जिल्हा परिषदेच्या शाळेतून कर्जतच्या कॉलेजात जाऊन बी.कॉम. झाले, ते आईबाबांच्या कष्टांवर. एका बाईंनी शाळा सुटल्यावर थांबून माझं इंग्रजी करून घेतलं, ते उपकार वेगळेच. या सगळ्यांची मी ऋणी आहे. पण शिकल्यावर मी ज्या खुर्चीत बसले तीही कंत्राटीच निघाली. एका कंपनीत रिसेप्शनला, दर सहा महिन्यांनी नवा करार.

मग एक दिवस कळलं, ही जागा कायम होणार, सोमवारी मुलाखती. बाबा तेव्हा पळसदरीजवळच्या एका फार्महाऊसवर राखण करत होते. रोज फोनवर एकच : “झालं का गं बाय परमनंटचं?” ऑफिसातल्या मॅडमनी मला जवळ बोलावून सांगितलं, “काम छान आहे तुझं. पण ही तेलाची वेणी... जरा प्रेझेंटेबल हो ना.” मी घरी येऊन आरशात पाहिलं. आईने रोज चोपून घातलेली वेणी मला त्या दिवशी पहिल्यांदा गावंढळ दिसली. याचा राग आजही गेलेला नाही.

शनिवारी मी कर्जतला पार्लरमध्ये गेले. पार्लरवाल्या ताईंनी मोबाईलवर फोटो दाखवले. कुणाचे केस स्प्रिंगसारखे, कुणाचे लाटांसारखे, कुणाचे नुसते टोकाशी वळलेले.

“हे घेते,” मी स्प्रिंगवर बोट ठेवलं.

“अगं, चेहरा एवढासा तुझा. नूडल्सच्या वाटीतून बघितल्यासारखी दिसशील. मोठे रोलर लावू, सैल लाटा येतील.”

“ऑफिसला शोभतील ना?”

“ऑफिसला काय, लग्नाला पण शोभतील.”

त्यांनी केसांच्या बटा पातळ कागदात धरून रोलरवर गुंडाळल्या. वरून औषध सोडलं. वास असा की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी टॉवेल डोळ्यांवर दाबून बसले होते, तेवढ्यात माझा फोन वाजला. ताईंनीच उचलला.

“हां काका, इथेच आहे ती. तिचं परमनंट झालंच आहे बघा. अर्ध्या तासात निघेल.”

पलीकडून फोन ठेवल्याचं त्यांनी सांगितलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पार्लरमध्ये त्याला परमनंटच म्हणतात.

रिक्षातून गावात उतरले तर आमच्या अंगणात माणसं. बाबा राखण सोडून आले होते. देवापुढे नारळ फुटला होता आणि आई पेढ्यांचा पुडा घेऊन फिरत होती. मला बघताच काकी ओरडली, “आली गं आली! परमनंट झालीस म्हनं!” आणि मग तिची नजर वर गेली. “आनि ह्ये डोक्याला काय झालं? करंट लागला का काय?”

सगळे हसले. बाबाही हसत होते. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, “बाबा, नोकरीचं नाही. केसांचं. केस कुरळे करतात ना, त्याला परमनंट म्हणतात. मुलाखत सोमवारी आहे.”

कुणाच्या तरी हातातला पेढा तोंडाशी थांबला. मग काकीने जी हसायला सुरुवात केली, ती अंगणभर पसरली. “केस परमनंट, नि पोरगी टेंपररी!” बाबा मात्र हसले नाहीत. जवळ आले, एक बट दोन बोटांत धरली. जपून, कापूस धरावा तशी.

“किती टिकतं ह्ये?”

“सहा महिने.”

“म्हंजे तुझ्या करारायवढंच,” ते म्हणाले आणि हात धुवायला मोरीकडे गेले.

सोमवारी मॅडम म्हणाल्या, “वा, किती सुंदर दिसतेस!” मुलाखतही बरी झाली. जागा कायम झाली, पण तिच्यावर बाहेरून दुसरी मुलगी आली. माझा करार संपतच आला होता. “थोडा ब्रेक घे,” मॅडम फार गोड आवाजात म्हणाल्या, “मग बघू आपण.” मी ‘थँक यू, मॅडम’ म्हटलं. शाळेत शिकवलेलं सगळ्यात आधी तोंडी येतं.

थोड्या दिवसांसाठी फार्महाऊसवरून घरी आलेले बाबा ओट्यावर बसले होते. मी डबा खाली ठेवला.

“ब्रेक?” त्यांनी विचारलं.

“हो.”

ते बाजूला सरकले, मला जागा करून दिली. माझ्या केसांतल्या लाटा तशाच होत्या, एकही सुटली नव्हती. मला त्या मुठीत धरून ओढाव्याशा वाटल्या.

त्यानंतर मी रोज तिथेच बसू लागले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काकी कळशी घेऊन समोरून चालली होती. थांबली.

“काय गं परमनंट, आज कामाला नाय?”

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. मान वर न करता.

“सुट्टी हाय तिला.”