दगडफूल आणि गेरूचा पट्टा

आमच्या गावात मोठा पाहुणा येणार म्हटलं की झाडांना चुना फासतात. वर गेरूचा पट्टा. गटारं तुंबलेली असोत, झाडं मात्र चकाचक पाहिजेत. ही अक्कल कुठे मिळते, देव जाणे.

मी भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकवते, पण माझं संशोधन मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावी, तलावाच्या बांधावरच्या जुन्या आंब्यांवर चालायचं. त्यांच्या सालीवर राखाडी पापुद्रे येतात, मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद. धानात आपण मुठीमुठीनं युरिया उधळतो. त्यातलं बरंच नत्र हवेत उडतं, कारखान्यांच्या आणि गाड्यांच्या धुरात मिसळतं आणि पावसाबरोबर, दवाबरोबर परत खाली येतं. कधी आम्ल होऊनही येतं. माणसाला पत्ता लागत नाही, हे पापुद्रे आधी मरतात. प्रत्येक खोडावर सुतळीचा चौकोन बांधून मी दर हंगामात आतले पापुद्रे मोजायची. ते घटत चालले होते. आणखी थोडी वर्षं मोजणी झाली असती, तर कुणाच्या बापाला नाकारता आलं नसतं.

पण पुढे मोजू द्यायचं की नाही, हे पैसे देणाऱ्या खात्याचे साहेब ठरवणार होते. ते माझ्या नागपूरच्या मार्गदर्शक सरांबरोबर पाहणीला येणार होते. गावचे सरपंच माझे चुलत काका. त्यांना मी एवढंच सांगितलं होतं, की त्या दिवशी गाडी बांधापर्यंत येऊ द्या.

सकाळी जाऊन पाहते तर सगळे आंबे कमरेपर्यंत पांढरेफटक!

"काका, हे काय करून ठेवलं जी?"

"काहून? तुहे साहेब येऊन राहिले ना? पाह्य, झाडं कशे नवरदेवावानी दिसून राहिले! त्या सुतळ्याबी काढून फेकल्या. कचराच होता."

चुन्याखाली माझी सगळी वर्षं गेली होती, आणि हा माणूस शाबासकीची वाट पाहत उभा होता.

साहेब आले. गॉगल न काढता त्यांनी झाडं पाहिली. मग खिशातून लिटमसचा कागद काढला, ओला केला आणि खोडावर दाबला. कागद निळा झाला. चुन्यावर तो निळाच होणार, हे सातवीतलं पोरगंही सांगेल.

"यात आम्ल कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

मी सरांकडे पाहिलं. एक बाटली नीट धुतली नव्हती म्हणून या माणसानं मला पूर्ण वर्गासमोर सोलून काढलं होतं. आता त्यांनी चुना पाहिला, मला पाहिलं, साहेबांना पाहिलं. साहेबांकडे त्यांचं दुसरं मोठं काम अडकलं होतं.

"नाही साहेब, या भागात तशी फारशी समस्या दिसत नाही," ते म्हणाले.

"सर, तो चुना आहे," मी म्हटलं. "काल लावलाय."

"चहा घेऊ या आधी," सर म्हणाले. थू! असल्या विद्वत्तेपेक्षा काकांचा अडाणीपणा परवडला. चहा झाला, पोहे झाले, फोटो झाले, आणि माझं काम तिथेच बंद पडलं.

गाडी धुरळा उडवत गेली तसे काका धावत आले. "पोरी, तुहे झाडं पास झाले!" त्यांना खरोखर आनंद झाला होता. त्यांना शिव्या देण्याचीही सोय उरली नाही.

बांधाच्या पार टोकाला, उकिरड्याच्या मागे, एक आंबा आहे. पाहुणे तिकडे फिरकणार नाहीत म्हणून त्याला कुणी चुना लावला नव्हता. माझी सुतळी तशीच होती, आत थोडे पापुद्रेही होते. एका झाडावरून काही सिद्ध होत नाही, हे मला सरांनीच शिकवलेलं. तरी मी पुढच्या हंगामात मोजायला गेले.

मोजायला काही नव्हतं. सुतळीच्या आत नुसती साल होती.