संगणकाला आपली झाशीची मराठी शिकवून आले

मंडळी, आज दुपारी विद्यापीठाच्या संगणक विभागात गेले होते. अजून अंगावर काटा आहे.

दाराशी सवयीने चपला काढल्या. तिथल्या प्राध्यापक कविताजी हसल्या. "काकू, पूर्वी इथे एकच संगणक होता. तेव्हा धुळीच्या भीतीने आम्हीही अनवाणीच आत जायचो."

आता तिथले लोक संगणकाला आपल्या झाशीतल्या मराठी घरांत बोलतात ती मराठी शिकवत आहेत. आपण बोलायचं, त्याने लिहायचं. मी आपली पुस्तकातल्यासारखी बोलू लागले.

"काकू, तशी मराठी त्याला येतेच. घरी बोलता तशी बोला ना!"

मग सूनबाईला सांगते तसं म्हटलं, "अगं, भाजीवाले भैया आलेत, जरा जल्दी खाली जा." पडद्यावर अक्षरं उमटली, एकही शब्द चुकला नाही! देवापुढे जोडते तसे हात आपोआप जोडले गेले.

पण कविताजी म्हणाल्या, "आवाज फार थोडे मिळालेत. आणखी मराठी घरांतली माणसं बोलायला आली नाहीत, तर हे काम बंद करावं लागेल."

माझ्या नातीला मराठी समजते, पण उत्तर हिंदीत येतं. आपलं बोलणं निदान तिथे तरी राहू दे.

शनिवारी मी पुन्हा जाणार आहे. तुमच्या घरून कोण येतंय, ते आजच इथे लिहून कळवा.