आठ प्रोसेसर आणि बाईंची सही

आमच्या कंपनीतल्या तपासनीस बाईंना सगळे ‘पुन्हाबाई’ म्हणायचे. मीही म्हणायचो. कुठलाही आकडा घेऊन गेलं की त्या चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, “पुन्हा लावा.” त्यांचा नवरा सांगायचा, हिचा लग्नाला होकार मिळवायला मला तीनदा विचारावं लागलं.

आम्ही बुद्धिबळ खेळणारं सॉफ्टवेअर बनवतो. बाईंना स्वतःला घोडा अडीच घरं जातो यापलीकडे फारसं येत नव्हतं. पण इथे येण्याआधी अकरा वर्षं त्यांनी दुकानांचे वजनकाटे तपासले होते. काट्याने एकदा बरोबर वजन दाखवलं म्हणून तो बरोबर ठरत नाही, असं त्या म्हणत. मला तेव्हा ही कटकट वाटे. आता आठवलं की संताप येतो, आणि तो बाईंचा नाही.

गेल्या वर्षी मालकांच्या डोक्यात आठ प्रोसेसर शिरले. एका प्रोसेसरवर आमचा प्रोग्रॅम एक अवघड कोडं बहात्तर सेकंदांत सोडवायचा. दर वेळी बहात्तरच. आठ प्रोसेसरवर मात्र दर वेळी वेगळा आकडा. आठ जण एकच घर झाडायला लागले, तर कोण आधी कुठे पोचतो यावर सगळं अवलंबून, आणि काही कोपरे दोनदा झाडले जातात. मालक झाडूचे फटकारे मोजून खूश. सेकंदाला जवळजवळ आठपट चाली तपासून होतात म्हणे. बाई विचारायच्या, “पण घर झाडून कधी झालं?”

म्हणून त्यांनी ते कोडं तीस वेळा लावलं. सगळ्यात कमी नऊ सेकंद, सगळ्यात जास्त एकेचाळीस, मधला आकडा अठरा. अहवालात त्यांनी ‘साधारण चौपट वेग’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

मालकांनी मला बोलावलं. सॉफ्टवेअर ज्या खोक्यातून विकतो, त्यावरचा मजकूर मी लिहितो.

“चौपट कोण विकत घेतं? नऊ सेकंदही खरेच आहेत ना? तेच घे.”

बहात्तर भागिले नऊ, आठ. मी घेतले. खोक्यावर छापलं, ‘आठ प्रोसेसर, आठपट वेग’, आणि खाली अहवालावरची बाईंची सही उचलून लावली. छापायच्या आधी त्यांना दाखवलंसुद्धा नाही. मालकाला तोंडावर नाही म्हणायला जे लागतं, ते माझ्याजवळ नव्हतं.

बाईंनी खोका पाहिला तो थेट विक्रेत्यांच्या बैठकीत. मालकांनी सगळ्यांसमोर कोडं लावलं. अकरा सेकंद. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून बाई उठल्या.

“पुन्हा लावा.”

मालक हसत हसत बटण दाबून मोकळे झाले. या वेळी सत्तावीस सेकंद लागले.

“मशीन तापलंय,” मालक म्हणाले.

“थंड होऊ द्या. मी थांबते.”

एका विक्रेत्याने खोका उलटा करून पाहिला. “सही कोणाची आहे ही?”

“माझी,” बाई म्हणाल्या. “मी चौपट लिहिलं होतं. आठ कोणी केलं, ते विचारा.”

सगळे मालकांकडे बघायला लागले आणि मालक माझ्याकडे. एवढंच सांगायचं होतं की बाई खरं बोलताहेत. घरी बायकोपुढे मालकांना शिव्या घालताना मी वाघ असतो. तिथे शेपूट घातलं.

“छपाईत चूक झाली असावी,” मी म्हणालो.

विक्रेते हसले. चुका काय, होतातच. मालकांचा जीव भांड्यात पडला. बाई पर्स उचलून निघून गेल्या. ऑर्डरी ठरल्याप्रमाणे मिळाल्या.

दोन दिवसांनी बाईंना कामावरून काढलं. कारण असं दिलं, की छपाईतली चूक पकडणं हे तपासनिसाचं काम होतं आणि त्यांनी ते केलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. हा माणूस किती निर्लज्ज आहे हे मी तासभर सांगू शकतो. पण हे कारण त्याला आयतं मीच हातात दिलं होतं.

काढल्याचं पत्र लिहायलाही त्याने मलाच सांगितलं. मी लिहिलं. वाचून मालक म्हणाले, भाषा छान जमली आहे.