साडूभाऊंचा संगमावरचा पाठ

माणसाला मन असतं ही बातमी कोल्हापुरात जर कुणी पहिल्यांदा आणली असेल, तर ती आमच्या साडूंनी. त्याआधी आमच्या पेठेत माणसाला छाती होती, मांड्या होत्या, तिखट सोसणारी जीभ होती. मनाची चौकशी कुणी केलेली नव्हती. महाराजांनी तेव्हा शाळांचा असा काही सपाटा लावला होता, की मास्तर लोकांनाही शिकायची हुक्की यावी. साडूभाऊ मास्तरच. भर संसारात रजा काढून ते मुंबईच्या युनिव्हर्सिटीत ‘शिक्षणाचं मानसशास्त्र’ शिकायला गेले आणि परत आले ते एक ट्रंकभर पुस्तकं घेऊन. त्या दिवसापासून आमच्या दोन्ही घरांतला एकही जीव प्रयोगातून सुटला नाही.

मी शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर बसणारा माणूस. जेवताना मी घास तोंडाजवळ न्यावा आणि ह्यांनी एकदम ओरडावं, “चंद्र! बोला, पहिला कुठला शब्द सुचला?” मी घाबरून म्हणालो, “ढेप.” साडूभाऊंनी माझ्याकडे करुणेनं पाहिलं आणि माझ्या बायकोला म्हणाले, “ह्यांच्या मनात गुळाशिवाय काही शिरलेलं नाही.” ती म्हणाली, “ते मला लग्नाच्या आठवड्यातच समजलं होतं, भावोजी. त्याला मुंबईला कशाला जायला हवं?” मन थकलं की त्याला विश्रांती द्यावी, असा त्यांचा दुसरा सिद्धांत. तो ते ज्या वेळी लागू करत, ती वेळ फक्त विचित्र असे. अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, त्यांना मनापासून झापत असली की मध्येच हात वर करून म्हणत, “जरा मधली सुट्टी दे. लक्ष उडालं.” आणि खरोखर अंगणात एक फेरी मारून येऊन पुन्हा समोर उभे राहत, “हं, कुठपर्यंत आलो होतो आपण?”

पण सगळ्यात रंगला तो सवयीचा प्रयोग. तो त्यांनी दारातल्या म्हशीवर केला. गवळी धार काढायला बसला, की हे तिच्या कानाशी उभे राहून इंग्रजी पुस्तक मोठ्यानं वाचायचे. जनावराला सवय किती दिवसांत लागते ते त्यांना बघायचं होतं. सवय लागली, आणि अशी लागली की वाचन झाल्याशिवाय म्हैस पान्हाच सोडीना! थंडीत साडूभाऊ पांघरुणात असले की अंगणातून गवळ्याची हाक यायची, “मास्तर, उठा की! म्हस वाट बघती! कालचं स्मरणशक्तीचं झालंय, फुडचं वाचा!” त्या म्हशीपायी पुस्तक त्यांचं तोंडपाठ झालं. लेखी परीक्षेत ते वरच्या नंबरात आले, आणि त्याचं श्रेय कुणाचं ह्यावर अक्का आणि गवळी ह्यांचं एकमत होतं.

आता उरला होता तो वर्गात मुलांपुढं देऊन दाखवायचा पाठ. इथंच घोडं अडत होतं. दोनदा ते नापास झाले होते. पहिल्या खेपेला ‘मन म्हणजे काय’ हे चौथीच्या मुलांना समजावून सांगता सांगता घंटा झाली. दुसऱ्या खेपेला मुलांना बोलतं करायचं म्हणून गप्प बसले, आणि मुलंही गप्प बसली. तिसरी संधी शेवटची. आमचे सासरे कुरुंदवाडचे शेतकरी, तुकडा पाडून बोलणारे. “मास्तर, औंदा न्हाय झालं, तर मुकाट अडतीवर बसा धाकट्या जावयासंगं. तुमच्या मनापायी माझ्या लेकीनं किती दिवस वाट बघायची?” ढेपांच्या राशीत बसलेले साडूभाऊ डोळ्यांपुढं आणून अक्का त्या दिवशी जेवली नाही. मला मात्र त्यात एवढं न जेवण्यासारखं काय आहे ते कळेना. मी तर तिथं रोज बसतो.

परीक्षक मुंबईहून आले. काळा कोट, पगडी, आणि आयुष्यात एकदाही हसला नसेल असा चेहरा. पाठ नद्यांचा होता. मी साडूभाऊंना धीर द्यायला म्हणून गेलो होतो, पण भिंतीला खिळा नसल्यानं ऐनवेळी नकाशा धरायला उभा राहिलो. दोन्ही हात वर, तोंड नकाशामागे. म्हणजे पुढचं सगळं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. आणि थोडंफार सोसलेलं, कारण कृष्णा-पंचगंगेचा संगम नेमका माझ्या बेंबीवर आला होता.

“मुलांना जे आवडतं तिथून सुरुवात करावी,” हा पुस्तकातला नियम. कोल्हापूरच्या मुलांना काय आवडतं हे सांगायला मुंबईचं पुस्तक नको होतं. साडूभाऊ म्हणाले, “मुलांनो, ही कृष्णा, ही पंचगंगा. दोन पैलवान! आणि हे मैदान!” छडी माझ्या पोटात रुतली. वर्ग जागा झाला. “पंचगंगेच्या तालमीत कोण कोण?”

“कासारी! कुंभी! तुळशी! भोगावती!”

“आणि पाचवी?”

“सरस्वती, मास्तर! ती गुप्त हाय! दिसत न्हाय, पर खालनं पाय वडती!”

बाकं वाजू लागली. कुणीतरी शड्डू ठोकला. साडूभाऊंचा आवाज चढत गेला, छडी चालत राहिली, नकाशामागं मी प्रत्येक डावाला “अगं आई गं” म्हणत होतो. मग ते म्हणाले, “आणि इथं दोघी भिडल्या! पुढं एकच नदी वाहते. तिचं नाव?”

“कृष्णा!” सगळे ओरडले, आणि ओरडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. वर्ग चिडीचूप झाला. मागून एक आवाज आला, “म्हंजी आमची पंचगंगा चितपट झाली?”

मग जो गोंधळ उठला! “हे न्हाय चालायचं!” “पाठ टेकली कुणी बघितली?” “निकाल खोटा हाय!” साडूभाऊ ओरडत होते, “अरे, हा भूगोल आहे!” पण मैदानात उतरल्यावर भूगोल कोण ऐकतो? सारा वर्ग परीक्षकांना हाका मारू लागला. “सायेब, तुमी पंच! तुमीच निकाल द्या!”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. गेलं सगळं, मी मनात म्हटलं. साडूभाऊंचा श्वास मला नकाशातून ऐकू येत होता. परीक्षकांची पावलं जवळ आली, आणि माझ्या पोटावर एक बोट अलगद टेकलं.

“पंचगंगेनं आपलं सगळं पाणी दिलं,” ते म्हणाले, “म्हणून पुढं कृष्णा एवढी मोठी. कुस्ती बरोबरीत सुटली.”

वर्गानं छप्पर डोक्यावर घेतलं. नकाशा माझ्या हातून सुटला तेव्हा पाहिलं, तर परीक्षक रुमालानं तोंड झाकून हसत होते.

साडूभाऊ पास झाले. सासऱ्यांनी पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, “मी म्हनलोच हुतो की, जावई हुशार हाय!” महिन्याभरात दरबारचा हुकूम आला. राधानगरीच्या वरच्या अंगाला, जंगलातल्या पावसाळी गावात नवी शाळा निघत होती. तिथं मास्तर म्हणून जायचं.

निघायच्या सकाळी गाडीत ट्रंका चढल्या. अक्का आणि माझी बायको एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. मी म्हटलं, “साडूभाऊ, रडणं थांबवायचा काही नियम असेल की पुस्तकात?” त्यांनी माझा हात हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला आणि ओला चष्मा न पुसताच गाडीत चढले. गाडी नाक्यावरून वळली.

मी अडतीवर येऊन बसलो. समोर एक गिऱ्हाईक ढेप वाजवून बघत केव्हापासून उभं होतं. शेवटी वैतागून म्हणालं, “ओ शेट, किती येळ झालं इचारतोय! लक्ष कुठं हाय तुमचं?”

मी म्हटलं, “राधानगरीच्या रस्त्याला, पावणं. जरा थांबा. येईल माघारी.”