विंगेतली खुर्ची

आमच्या शाळेच्या नाटकाला डाव्या हाताच्या खुर्च्या आधी भरायच्या. पालक त्यासाठी अर्धा तास लवकर येत, रुमाल टाकून जागा धरत, त्यावरून हमरीतुमरीवरही येत. नव्या पालकांना यातलं काही माहीत नसायचं. ते मधोमध ऐसपैस बसत आणि नाटकभर आपल्या लेकराचा एक कान बघून घरी जात.

याला कारण हस्तकलेच्या बाई. शाळा एवढीशी, सगळी मिळून एकतीस मुलं. त्यामुळे चित्रकला, हस्तकला आणि नाटक या तिन्हींना मिळून एकच बाई. मुलं त्यांना खळबाई म्हणत, कारण बाटलीतला गोंद त्यांना चालत नसे. मैद्याची खळ घरून शिजवून त्या डब्यात आणायच्या. एकदा मी तो डबा जेवणाचा समजून उघडला आणि चमचाभर खाल्लीही. ती गोष्ट शिक्षकखोलीत अजून चघळतात.

बाईंचा एक नियम होता. मुलांच्या कामाला त्यांचा हात लागायचा नाही. मुकुट तिरका झाला तर तिरका. "हात माझा लागला की ते माझं झालं. मग खाली नाव पोराचं कशाला?" मुख्याध्यापिकांनी त्या मुकुटांवरून कितीदा तरी नाक मुरडलं, पण बाई बधल्या नाहीत.

नाटकात सगळ्यांना घ्यायचं हाही त्यांचाच हट्ट, म्हणून कुणी राजा, कुणी प्रधान, तर कुणी विहीर आणि कुणी दार. नाटक चालू असताना बाई डाव्या विंगेत लाकडी खुर्चीवर बसायच्या, कारण उजवीकडे भिंत. तालमी सामानाच्या खोलीत, तिथेही खुर्ची डावीकडेच. तिथून त्या ओठ हलवत एकतीस जणांचे संवाद पुटपुटायच्या आणि मुलं त्या ओठांकडे बघत बोलायची. राजा प्रधानाशी बोलायचा तो विंगेकडे बघत, आणि प्रधान उत्तर द्यायचा तोही विंगेकडेच बघत. अंक संपला की सगळी मुलं रांगेत उभी राहून वाकायची, तीही विंगेकडे तोंड करून. तेव्हा दरवर्षी हशा पिकायचा.

विंगेत बसणाऱ्याला मात्र सगळं सरळच दिसतं. बाईंना हशा ऐकू यायचा, पण त्याचं कारण कळायचं नाही. "कुणाची दाढी सुटली का हो?" असं त्या मलाच विचारायच्या. मी गणित शिकवणारा माणूस, चूक दिसली की तिच्यावर लाल रेघ मारणारा. पण हे सांगायला माझी जीभ कधी रेटली नाही.

अठ्ठावीस वर्षांत बाईंनी आपलं एकही नाटक समोरून पाहिलं नव्हतं. घरी त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच. बहीण दरवर्षी पहिल्या रांगेत असायची. बाईंनी घरी खोदून खोदून विचारलं की म्हणायची, "चांगलं झालं की. पण त्या पडद्याला इस्त्री का नाही केली गं?"

निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा बाई माझ्या टेबलाशी आल्या. "सर, यंदाचं शेवटचं. एकदा तरी समोर बसून बघायचंय. तुम्ही बसाल विंगेत?"

"बसतो की," मी म्हणालो. त्यात काय मोठंसं, असं मला वाटलं.

पहिल्याच तालमीत माझी फजिती झाली. मुलांनी विंगेकडे पाहिलं, तर तिथे मी. राजाची वाचाच बसली. प्रधानानं घाबरून "नऊ सत्ते त्रेसष्ट" म्हणून टाकलं. चार तालमी अशाच गेल्यावर बाईंनी खुर्ची परत घेतली. "राहू दे, सर. पोरांचं नाटक बिघडवून मला काय बघायचंय?" असं म्हणाल्या खऱ्या, पण पुढचे दोन दिवस त्या खळ आणायला विसरल्या. मला फार वाईट वाटलं.

तोडगा काढला सातवीतल्या एका मुलीनं. नाटकात ती विहीर होती.

"सर, संवाद आम्हांला पाठ आहेत. नुसतं बाईंचं तोंड समोर दिसायला हवं."

"मग?"

"तोंड करू ना. कागदाच्या लगद्याचं."

बाईंना कळू नये म्हणून सगळा उद्योग माझ्या तासाला. रद्दी भिजवली, कुटली, खळ माझ्या बायकोनं शिजवून दिली. मुख्याध्यापिकांना मी सांगितलं, गुणोत्तर-प्रमाण चालू आहे. ते अगदीच खोटं नव्हतं. दोन डोळ्यांत अंतर किती ठेवायचं यावरून वर्गात दोन तट पडले होते. नाक एका बाजूला वळलं. माझे हात शिवशिवत होते, पण बाईंचा नियम मोडायची माझी छाती झाली नाही. अंबाडा लोकरीचा, चष्मा तारेचा आणि तोंड सताड उघडं.

"तोंड मिटलेलं करा की," मी म्हणालो.

"बाईंचं? मिटलेलं?" विहिरीनं विचारलं.

नाटकाच्या दिवशी आम्ही बाईंना सांगितलं, मुलं तयार झालीत, तुम्ही खुशाल समोर बसा. त्या पहिल्या रांगेत, बहिणीशेजारी, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. इकडे खुर्चीवर उशा रचून आम्ही लगद्याच्या बाई बसवल्या. पडदा उघडला. राजानं विंगेकडे पाहिलं, ते उघडं तोंड त्याला दिसलं, आणि तो घडाघडा बोलायला लागला. कुणी एका शब्दाला अडलं नाही.

मी फटीतून बाईंकडे बघत होतो. आधी त्या खुशीत होत्या. मग त्यांची मान डावीकडे कलली. मग आणखी थोडी. अंक संपला, मुलं लगद्यापुढे वाकली आणि हशा पिकला. बाई हसल्या नाहीत.

मध्यंतरात त्या मागे आल्या आणि लगद्याच्या बाईंपुढे उभ्या राहिल्या. त्यांचा हात वाकड्या नाकाकडे गेला आणि तिथूनच मागे आला.

"तोंड का उघडं ठेवलंय रे?"

"तुमचं असंच असतं, बाई," राजा म्हणाला.

तेव्हा मात्र त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग माझ्याकडे वळल्या. "दरवर्षी असंच?"

"दरवर्षी."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

मी उगाच खुर्चीवरच्या उशा सारख्या करू लागलो.

"समोरून काही म्हणता काही दिसत नाही हो," त्या म्हणाल्या. "विहिरीचा तर नुसता कान. मला सगळ्यांचे अख्खे चेहरे दिसायचे, आणि मी वेडी अठ्ठावीस वर्षं हळहळत बसले."

"मुलांना समोर तोंड करायला सांगू?"

"आता नको. तुम्ही पुढे जाऊन बसा. माझी खुर्ची द्या."

दुसऱ्या अंकाला मी बाईंच्या जागेवर बसलो, लगद्याच्या बाई मांडीवर घेऊन. बहिणीनं एकदा त्या लगद्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "नाक वाकडं झालंय," एवढंच म्हणाली. मला राजाचा कान दिसला, प्रधानाचा कान दिसला. संवाद मुलांना पाठ आहेत, हे आता बाईंनाही कळलं होतं. तरी विंगेतून त्यांचं पुटपुटणं शेवटपर्यंत ऐकू येत होतं.