नववी पायरी

आमच्या खात्यात त्यांना सगळे 'दोनदा' म्हणायचे. तोंडावर 'काका', पाठीमागे 'दोनदा'. कारण हा माणूस कुठलीही कमांड एकदा वाचून एंटर दाबायचाच नाही. "एकदा वाचतात ते डोळे, दोनदा वाचतं ते डोकं," असं म्हणायचे, आणि तेसुद्धा दोनदा. मी तोंडाची फटकळ. पहिल्याच आठवड्यात विचारलं, "काका, जेवताना घाससुद्धा दोनदा मोजता का हो?" तर म्हणाले, "ते खातं बायकोकडे आहे." आणि गालातल्या गालात हसले.

रुग्णालयाच्या तळघरात आमची खोली. दोन टेबलं, एक पंखा, आणि छताजवळ एक खिडकी, तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांची नुसती पावलं दिसायची. वर डॉक्टर रुग्ण सांभाळायचे, खाली काका रुग्णांच्या नोंदी. नवा प्रोग्रॅम आला की तो खऱ्या नोंदींवर तपासून बघायची सोय नसते. काही बिघडलं तर कपाळमोक्ष. त्यासाठी नक्कल लागते. मग काका स्टोरेजवर, म्हणजे नोंदी साठवायच्या यंत्रावर, स्नॅपशॉट घ्यायचे, म्हणजे त्या घटकेला सगळं जसं आहे तसं थिजवून ठेवायचं, आणि त्यावरून डेटाबेसचा क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, उभा करायचे. माउस नाही, चित्रं नाहीत. काळा पडदा आणि टाइप केलेल्या ओळी.

प्रोग्रॅम तपासायचं काम माझ्याकडे, म्हणून शेजारी मी. त्यांच्या हातचा अकरा पायऱ्यांचा कागद होता. मी पायरी मोठ्यानं वाचायची, त्यांनी टाइप करायची, टाइप केलेलं मी परत वाचायचं, मग एंटर. पडद्यावरचं उत्तर दोघांनी बघितल्याशिवाय कागदावर खूण करायची नाही. नऊ वर्षं आम्ही असंच केलं. त्यातली नववी पायरी म्हणजे क्लोनमधले सगळ्या रुग्णांचे फोन नंबर पुसायचे आणि तिथे आमच्या खोलीतला नंबर घालायचा. कारण नक्कल झाली तरी तिला कुठे ठाऊक असतं की आपण नक्कल आहोत? नववी राहिली आणि दहावीला प्रोग्रॅम सुरू केले, तर ती खऱ्या माणसांना उद्याच्या भेटीची आठवण द्यायचे निरोप धाडत सुटायची.

वर्षापूर्वी काकू गेल्या. पोटातली गाठ. डॉक्टरांनी तपासणी लवकर करा म्हणून लिहून दिलं होतं, पण आमच्याच रुग्णालयानं तारीख दिली ती तीन आठवड्यांनंतरची, पंचवीस. तोवर हाताबाहेर गेलं. थोडं आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. काकांची एकुलती एक लेक चष्म्याच्या दुकानात नोकरीला. तिनं त्या दिवसापासून आमच्या इमारतीत पाऊल टाकलं नाही. "त्या लोकांनी आईला घालवलं, आणि तुम्ही त्यांचीच चाकरी करता," असं बापाला ऐकवायची. काका खाली मान घालून ऐकायचे. मला वाटायचं, केवढा सोसतोय हा माणूस! एकदा तर मी तरातरा वर गेले आणि नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईला चांगलं फैलावर घेतलं. "तुमच्याच माणसाच्या बायकोला असली तारीख देता? काही जनाची नाही तर मनाची?" ती बाई माझ्याकडे बघत राहिली.

आणि मग गेल्या महिन्यात साहेबांनी फर्मान काढलं. जुन्या भेटींच्या यादीत घोळ निघाला होता. वर्षापूर्वी, काकू जायच्या थोडं आधी, आमचं स्टोरेज बदललं, त्याच्या आदल्या दिवशी, तीन तारखेच्या दुपारी काकांनी घेतलेला स्नॅपशॉट अजून जपून ठेवला होता. त्याचा क्लोन करायचा, आणि प्रोग्रॅम तपासायच्या मशीनचं घड्याळही त्याच तारखेवर न्यायचं, म्हणजे यादी ताडून बघता येईल.

आठ पायऱ्या नेहमीसारख्या झाल्या. डेटाबेस उघडला. आणि नववीच्या आधी काकांनी कागदावर नसलेली एक ओळ टाइप केली. पडद्यावर काकूंचं नाव आलं. वय. पुढे, 'उपचार चालू'. आमच्या खऱ्या डेटाबेसात त्या जागी 'मृत' असं होतं, ते मला माहीत होतं. आणखी पुढेही काही लिहिलेलं होतं, पण माझे डोळे भरून आले. "पाणी आणते," म्हणून मी उठले.

परत आले तर पडदा स्वच्छ. "कुठे होतो आपण?"

"नववी झाली," काका म्हणाले. एकदाच म्हणाले.

मी उत्तर बघायला मागायला हवं होतं. नाही मागितलं. समोरचा माणूस डोळे पुसतोय आणि त्याच्याकडे पुरावा कसा मागायचा? मी खूण केली आणि दहावी वाचली. ती खूण माझ्या हातची आहे, हे मी साहेबांनाही सांगितलं.

मशीनच्या घड्याळात पाच वाजले तसे एकशे बारा घरी निरोप गेले. 'उद्या, चार तारखेला सकाळी दहा वाजता तपासणी. उपाशीपोटी यावे.' फोनवर फोन. कुणी चिडलेलं, कुणी गोंधळलेलं. एक जण नुसताच रडत होता. त्याचा भाऊ जाऊन सहा महिने झाले होते. साहेबांनी आकाशपाताळ एक केलं. काका उभे राहून म्हणाले, "चूक माझी."

मी नंतर विचारलं, "काका, विसरलात कसे हो?" ते म्हणाले, "टाइप केली होती गं. एकदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनात, म्हणून पडदाच साफ केला. वाटलं, एंटर दाबलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक खाली आली. वर्षात पहिल्यांदाच. काकू मोबाइल वापरत नव्हत्या, त्यामुळे त्यांच्या नोंदीत लेकीचा नंबर होता. तिनं फोन बापासमोर धरला. "बाबा, हे काय?"

मीच पुढे झाले. "अगं, कचरा आहे तो प्रोग्रॅमच्या तपासणीचा. मशीननं वाट्टेल त्या तारखा जोडल्या. आमचीच चूक, माफ कर बाई." इतकं बेमालूम खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. खरं तर ते केवढं मोठं खोटं आहे हे मला तेव्हा धड माहीत नव्हतं.

तिचा चेहरा सैल झाला. "तरीच. रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. आईची तारीख तर पंचवीस होती." ती फोन पिशवीत ठेवायला लागली. काका गप्प बसले असते तर ती तशीच गेली असती.

"चारच होती," काका म्हणाले. आवाज इतका खोल की तिला ऐकूच गेलं नाही.

"काय?"

"चारच होती. मी बदलली." दुसऱ्यांदा त्यांनी नीट, सावकाश सांगितलं. "तीनला सकाळी चारची तारीख घेतली, आणि दुपारी कळलं की स्टोरेजही चारलाच बदलायचंय. इथे मी नसतो तर कोण होतं? आधी स्नॅपशॉट घेतला, मग वर जाऊन पुढची मागितली. मोकळी जागा एकदम पंचवीसला."

"आईला?"

"तिलाही पंचवीसच सांगितली. म्हटलं, रुग्णालयानं दिली."

मला त्या खिडकीवरच्या बाईची नजर आठवली. तिला सगळं माहीत होतं, आणि तिनं माझ्या शिव्या खाऊन घेतल्या होत्या.

लेक रडली नाही, ओरडली नाही. तिला खुर्ची दिली तर बसलीही नाही. "मला का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. "मी मोकळीच होते बाबा त्या दिवशी. मी घेऊन गेले असते आईला."

काकांच्या हे कधी मनातच आलं नव्हतं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ती जिना चढून गेली. जराशानं खिडकीतून तिच्या चपला जाताना दिसल्या. काका त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत होते.

दुपारी साहेबांचा हुकूम आला, क्लोन आजच नष्ट करा, स्नॅपशॉटही. आधी क्लोन, मग स्नॅपशॉट, कारण क्लोन स्नॅपशॉटवर टेकून उभा असतो. काकांनी कमांड टाइप केली. मी वाचली. त्यांनी परत वाचायला सांगितली, मी परत वाचली. त्यांचं बोट एंटरवर होतं, पण दबेना.

"अजून एकदा वाच," ते म्हणाले.

मी तिसऱ्यांदा वाचली.