पाचटाचा रस्ता

वस्तीचं दूध गोळा करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला वाटलं होतं, दुधाची फॅट मोजता आली आणि पाणी घातलेलं ओळखता आलं की झालं. लासुर्ण्याच्या अलीकडे आमची वस्ती. तीसेक घरं, ऊस आणि गाई. गाईची जात, खुराक, डॉक्टर यांवर आमच्याकडे कोणीही तासभर बोलेल. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या दीड किलोमीटरबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. मला विचाराल तर आमचा सगळा धंदा त्या दीड किलोमीटरवर उभा आहे. दूध काढलं म्हणजे निम्मं काम झालं. ते नासायच्या आत थंड टाकीत पोचलं तरच त्याला दूध म्हणायचं.

आता एक कबुली. ऊस तुटून गेला की रानात वाळक्या पाल्याचा थर राहतो, त्याला पाचट म्हणतात. आमच्याकडे त्याला सरळ काडी लावतात. तासाभरात रान मोकळं होतं आणि खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी सोडता येतं. मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मीच उभं राहून काडी लावली. वारा फिरला आणि जाळ बांध ओलांडून शेजारच्या आबांच्या रानात शिरला. त्यांच्या ठिबकच्या नळ्या वितळल्या. आबा पाचट जाळत नाहीत. सरीत कुजवतात, आणि गाईंखाली अंथरायच्या सवयीनं, त्या विकून टाकल्या तरी, उरलेल्या पाचटाची गंज गोठ्यामागं रचून ठेवतात. आम्ही त्यांना हसायचो. त्या दिवशी चुकले म्हणायचं सोडून मी वाऱ्याच्या नावानं बोटं मोडली. त्यानंतर आबांनी माझ्याशी बोलायचंच सोडलं.

मे महिना म्हणजे आमच्याकडे फुफाटा. निदान मी सासरी आले तेव्हा तसं होतं. आता ऋतूंचा भरवसा उरलेला नाही. मागच्या मे महिन्यात तीन दिवस पाऊस लागून राहिला. ओढ्यावरच्या फरशी-पुलावरून पाणी वाहू लागलं आणि दूध न्यायला येणारा टेम्पो पहिल्या दिवशी आलाच नाही. वीज गेलेली, हवा कोंदट. दोन्ही वेळचं दूध नासलं आणि मी माझ्या हातानं ते चरात ओतलं. एका बाईनं आपली रिकामी किटली माझ्याकडून घेतली आणि घरी गेली. मला रडू आलं, मग राग आला. उद्या एकही कॅन ओतायचा नाही, असं मी तिथंच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोवाल्याचा फोन आला. तो डांबरी रस्त्यावर दहापर्यंत थांबणार होता, दूध आम्ही आणून द्यायचं. फरशी बंद, म्हणून आमच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कॅन भरून मागच्या उसाच्या रस्त्यानं निघालो. अर्ध्या वाटेत सखल जागा आहे, काळी माती. तिथं ट्रॉली आसापर्यंत रुतली.

हंगामात उसाची ट्रॉली रुतली की काय करायचं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. चाकापुढं पाचट टाकायचं. सगळे एकदम पाचट आणा म्हणाले, पण आणायला कोणीच हललं नाही. कारण ते कोणाकडेच नव्हतं. सगळ्यांनी काडी लावली होती.

मी कोणाला न विचारता आबांच्या घराकडे निघाले. चिखलात एक चप्पल गेली, ती तिथंच राहू दिली. आबा पडवीत बसले होते. मी पायरीखालीच उभी राहिले.

"आबा, तवाचा जाळ माझा हुता. वाऱ्याचा न्हवता. आज पाचट पायजे. साऱ्या वस्तीचं दूध चिखलात उभं हाय."

आबांनी माझ्या अनवाणी पायाकडे बघितलं. "त्यात माझ्या घरचा थेंब बी न्हाय," ते म्हणाले.

"व्हय, न्हाय."

"न्या. नळ्या भरून नकोत मला. पण हितनं पुढं तुमच्या रानात काडी लागली न्हाय पायजे."

मी हो म्हणाले. घरात कोणाला विचारलं नव्हतं, तरी हो म्हणाले.

बाया, बाप्ये, ज्याला जमेल त्यानं भारे वाहिले. पहिला थर चिखलानं गिळला, दुसराही. तिसऱ्या थराला चाकानं पकड घेतली आणि ट्रॉली हलली. दहाला पाच मिनिटं कमी असताना कॅन टेम्पोत चढले. दुपारी शीतकरण केंद्रातून निरोप आला, एक कॅन सोडून सगळं दूध पास. नापास झालेला कॅन आमच्या घरचा होता. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

यंदा आमचा ऊस तुटला आणि दीर काडेपेटी घेऊन रानात आले. पाचट ठेवलं तर उंदीर होतात, पाणी अडतं, वर पसरायची मजुरी, सगळं त्यांनी ऐकवलं. त्यातलं काही खोटं नव्हतं. मी काडेपेटी मागून घेतली आणि चुलीपाशी नेऊन ठेवली. दिरांनी दोन दिवस रानाकडे पाय टाकला नाही. आजूबाजूच्या रानांतून धूर निघत होता. मी दारोदार फिरले तेव्हा सहा घरांनी जाळणार नाही असा शब्द दिला होता, दोघांनी पाळला. दोघं तर दोघं, पुढच्या वर्षी मी पुन्हा दारोदार जाणार आहे.

निम्मं पाचट सरीत घातलं आणि निम्म्याची गंज त्या सखल जागेशेजारी रचली. संध्याकाळी आबा बांधावर आले. त्या पावसानंतर पहिल्यांदाच त्यांनी मला हाक मारली.

"पोरी, गंज उंचवट्यावर हाय नव्हं? खालनं भिजली तर ऐन टायमाला कामाची न्हाय."

गंज उंचवट्यावरच होती. तरी मी बॅटरी घेतली आणि पुन्हा एकदा बघून आले.